बारामतीचं पाणी आणि सुजाता मॅडमचा डीएनए

मंडळी, बसून घ्या. मागं दाराशी उभे आहेत त्यांनी पुढं या, चटईवर जागा आहे. ताई, तुम्ही पण या.

आत्ता भंतेजींनी वंदना घेतली, तेव्हा तुमच्या आवाजात माझाही आवाज लागत होता. आता एकट्यानं बोलायचं म्हटल्यावर तो कुठं गेला, कळत नाही. मी तासन्‌तास बोलणारा माणूस. माझ्या बोलण्याला वर्गात पोरं कंटाळतात, घरी बायको कंटाळते. पण मॅडमच्या गावी, कळसच्या या विहारात, समोर सुजाता मॅडमचा फोटो, फोटोला हार, आणि पहिल्या रांगेत त्यांचे थोरले भाऊ अशोकराव. कसं बोलायचं? सांभाळून घ्या मला.

मी शिर्के. बारामतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मॅडम रसायनशास्त्राच्या. त्यांची प्रयोगशाळा आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत, आणि ती भिंत मॅडमनी कधी मानली नाही. "सर, तुमच्या पंख्यामुळं माझा करंट हलतोय," म्हणायच्या आणि माझा पंखा बंद करून जायच्या. एप्रिल महिन्यात! बंद करू का, असं विचारणं नाही. बंद करायच्या आणि जायच्या. मी घाम पुसत बसायचो आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलायचो. आता पंखा दिवसभर चालू असतो. नको वाटतो.

बाहेर फलकावर लिहिलंय, कालकथित डॉ. सुजाता. आत येताना मी तिथं थांबलो. आमच्यात कैलासवासी म्हणतात, त्यापेक्षा हा शब्द चांगला आहे हो. पण तो आपल्या माणसाच्या नावामागं लागलेला बघवत नाही.

अंत्यविधीच्या दिवशी तुमच्यातल्याच एका तात्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, मॅडम तितं नेमकं काय करायच्या वो? आमाला नुसतं डीएनए, डीएनए म्हाईत." त्या दिवशी मला सांगता आलं नाही. आज सांगतो. कारण मॅडम गेल्या, त्यांच्या कामाचं काय करायचं हा प्रश्न उरलाय, आणि काम काय होतं हेच गावाला माहीत नसेल तर काय उपयोग?

तर ऐका. मॅडमकडं हरभऱ्याच्या दाण्याएवढा सोन्याचा ठिपका असायचा. पट्टीवर बसवलेला. त्याला इलेक्ट्रोड म्हणायचं. सोनं ऐकून डोळे मोठे करू नका, ते इतकं थोडं की सोनारानं तोलायलाही घेतलं नसतं. या सोन्यावर त्या डीएनएचे बारीक धागे लावायच्या. डीएनए हा धागा प्रत्येक जिवात असतो. माणसात, डाळिंबात, डाळिंबावरच्या रोगाच्या जंतूतसुद्धा. मॅडमच्या धाग्याचं एक टोक सोन्याला चिकटायचं. दुसऱ्या टोकाला निळा रंग. हा धागा स्वतःवरच दुमडायचा, आणि निळं टोक सोन्याजवळ यायचं. जवळ आलं की करंट वाहायचा. पण पानाच्या रसात रोगाचा जंतू असला, तर त्याचा धागा येऊन आपल्या धाग्याला धरायचा. दुमडलेला धागा मग सरळ व्हायचा, निळं टोक लांब जायचं, करंट पडायचा. करंट पडला, म्हणजे रोग आहे.

एवढंच. या 'एवढंच'पायी बाईनं उमेदीची सगळी वर्षं घातली.

कारण धागा ऐकत नाही! दाट लावला तर त्याला दुमडायला जागा नाही. विरळ लावला तर सोन्यावर आडवा पडतो. एकदा त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं, तर मी म्हणालो, मॅडम, हा तर लोळलेला ऊस झाला. त्या म्हणाल्या, "तुम्हा बावड्याच्या लोकांना उसाशिवाय काही दिसत नाही." माझं गाव बावडा, त्याचा उद्धार दिवसातून एकदा व्हायचाच. पण पुढं जिथं जिथं त्यांची व्याख्यानं झाली, तिथं त्यांनी लोळलेला ऊसच सांगितला. आणि माझं नाव एकदाही घेतलं नाही! आज ते मी सर्वांसमक्ष नोंदवून ठेवतो.

त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलांना पहिलं काम ठरलेलं. ओल्या कापडावर पांढरी पूड घ्यायची आणि इलेक्ट्रोड आठचा आकडा काढत घासायचा. नुसता गोल फिरवायचा नाही. गोल फिरवला तर एकाच बाजूनं झिजतो. त्यांची विद्यार्थिनी रोहिणी, ही काय इथं बसलीय, ती सुरुवातीला माझ्याकडं येऊन म्हणाली होती, "सर, मी संशोधन करायला आलेय की भांडी घासायला?" मी म्हणालो, मॅडमना विचार. तिची छाती झाली नाही.

आणि हे सगळं कशासाठी? तेल्यासाठी. डाळिंबावरचा तेल्या या गावाला मी काय सांगणार? पानावर तेलकट डाग दिसतो तोवर रोग बागेत पसरलेला असतो. मॅडमचं म्हणणं, डाग दिसायच्या आधी कळलं पाहिजे. पानं आणायची, रस काढायचा, थेंब पट्टीवर ठेवायचा. चहा प्यायला जाऊन येईपर्यंत उत्तर. "माझा दादा रोज सकाळी पानं उलटीपालटी करून बघतो, सर," म्हणायच्या. "बघताना त्याचं तोंड बघवत नाही मला."

आता मी जे सांगणार आहे, ते सांगू का, असं काल मी अशोकरावांना विचारलं. ते म्हणाले, "सांगा. सगळं सांगा. तिनं कुठं लपवलं हुतं?"

पट्टी चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. रोगट पानं दिली की करंट पडायचा, निरोगी दिली की पडायचा नाही. आम्ही सगळे हवेत होतो. तेव्हा एक दिवस अशोकराव ओल्या फडक्यात पानं बांधून बारामतीला आले. नवी बाग होती त्यांची, रोपं अजून लहान, आणि दोन-चार झाडांची त्यांना शंका. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. मॅडमनी लगेच रस काढला, पट्टी लावली. करंट पडला. दुसरी लावली. पडला. तिसरी. पडला. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तेल्या हाय."

अशोकरावांनी काही विचारलं नाही. बहिणीनं सांगितलं, विषय संपला. शेजारी त्यांची जुनी, फळं धरणारी बाग. ती वाचवायची तर नवी काढायची, हे त्यांनी गाडीत बसायच्या आधीच ठरवलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या खोलीत आल्या. पंखा चालू होता, त्यांनी बंद केला नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. म्हणाल्या, "सर, मी आत्ता कोरी पट्टी लावली." कोरी म्हणजे पानाचा रस नाही, काही नाही, नुसतं पाणी. "कोरीवर पण करंट पडला."

समजलं का मंडळी? जिच्यावर काहीच नाही, ती पट्टीही रोग आहे म्हणत होती.

मी म्हणालो, शांत व्हा, पुन्हा तपासू, दोन दिवस जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "दोन दिवसांत दादा जमीन मोकळी करंल." फोन लावला. लागला नाही, म्हणजे उचलला नाही. अशोकराव शेतात जाताना फोन घरी ठेवतात. अजूनही ठेवतात, काल मीच चार वेळा लावला. आम्ही माझ्या गाडीत बसलो. बारामती ते कळस मॅडमची नजर रस्त्यावर. पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला की तेवढं म्हणायच्या, "काढा पुढं, सर. काढा पुढं."

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी अर्ध्या बागेपर्यंत आला होता. गाडी थांबायच्या आत मॅडम उतरल्या. साडी सावरत, ढेकळांतून धडपडत, पार जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. तुमच्यातले काहीजण तिथं होते. तुम्ही पाहिलंय.

"दादा, थांब. रोग ठरला न्हाय."

"न्हाय म्हंजी? काल तूच म्हनलीस."

"काल माझं चुकलं. तुझ्या बागंला रोग हाय, ह्याला काय बी आधार न्हाय. मी चुकले."

मंडळी, मशीन चुकलं, असं म्हणता आलं असतं. करंट मोजायचं मशीन मीच बनवलेलं होतं, माझ्यावर ढकललं असतं तरी मी गप्प बसलो असतो. रसायन खराब निघालं, म्हणता आलं असतं. ड्रायव्हर, शेजारी, भावजय, सगळे ऐकत होते, आणि त्या म्हणाल्या, मी चुकले.

अशोकरावांनी उपटलेल्या ओळींकडं पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि बांधावर बसले. म्हणाले, "आन ही? ही गेली ती?"

मॅडमनी पदर खोचला आणि पडलेली रोपं उचलून परत खड्ड्यांत लावायला लागल्या. मीही लागलो, बूट घालूनच. काही रोपं पुढं जगली, त्यांच्यावर तेल्या कधी दिसला नाही. बरीच जगली नाहीत. निघताना अशोकराव एकच वाक्य बोलले. "सुजा, हितनं पुढं माझ्याकडं पानं मागू नगंस."

त्यानंतर भाऊ-बहीण बोलत नव्हते. वैशाख पौर्णिमेला मॅडम इथं आल्या, याच विहारात, तर भाऊ त्या भिंतीला आणि बहीण या भिंतीला. बारामतीला परत आल्यावर मी विचारलं, भेटले का? म्हणाल्या, "दिसला." त्या दिवशी दार लावून रडल्या. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी गेलो नाही.

पण काम थांबवलं नाही बाईनं. चूक कुठं झाली, त्याच्या मागं लागल्या. आणि चूक कुठं निघाली असेल? पाण्यात! आमच्याकडं बोअरचं पाणी उकळून शुद्ध करायचं काचेचं यंत्र होतं. त्याच्या तळाला पांढरा थर, हा एवढा जाड. त्यामुळं पाणी उकळताना उसळायचं आणि क्षार घेऊनच पुढं जायचं. आम्हाला तो थर रोज दिसत होता. मॅडमना, मला, शिपायाला, रोहिणीला. पण आपल्या भागात पांढऱ्या थराचं नवल कुणाला? घरच्या पातेल्यात थर, बंबात थर, नळाच्या तोटीला थर. बाहेरचा कुणी असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता. आम्ही इथलेच, आम्हाला ते भांडं स्वच्छ वाटत होतं.

आणि गंमत बघा. तो धागा दुमडत होता तो त्या क्षारांमुळं! धाग्याचे दोन्ही हात, म्हणजे दुमडून जवळ येणाऱ्या दोन बाजू, एकमेकांना ढकलतात. बांधावरून भांडणाऱ्या भावकीसारखं, मध्ये कुणीतरी बसावं लागतं. आमच्या खाऱ्या पाण्यातले क्षार मध्ये बसत होते आणि आम्हाला वाटत होतं, आमची कृती बरोबर आहे. ज्या दिवशी अशोकराव आले, त्याच आठवड्यात ते यंत्र दुरुस्तीला दिलेलं होतं. पुण्याहून शुद्ध पाण्याचे कॅन आणले होते. एकदम शुद्ध. त्या पाण्यात धागा दुमडलाच नाही, सरळ राहिला. आणि आम्ही म्हणालो, तेल्या आहे.

मग मॅडमनी पाण्याचा नादच घेतला. बावड्याच्या विहिरीचं पाणी, कालव्याचं पाणी, कळसच्या बोअरचं पाणी. एका रविवारी आम्ही नरसिंहपूरला संगमावर गेलो. मॅडम बाटली भरतायत, तर एक आबा म्हणाले, "तीर्थ व्हय? कुनासाठी न्हेताय?" मॅडम म्हणाल्या, "डीएनएसाठी." आबा म्हणाले, "न्या, न्या. गुन येतोय." मॅडम बारामतीपर्यंत हसत होत्या. त्या दिवसांत त्या हसल्या, म्हणून मला तो रविवार लक्षात आहे.

सोन्यावरच्या धाग्याला दुमडायला कुठले क्षार किती लागतात, यावर त्यांनी लेख लिहिला. त्यात आमचं खारं पाणी, आमचं भांडं, आमची चूक, सगळं जसंच्या तसं. मग इथं येऊन, याच जागी उभं राहून, त्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं. तुम्ही होता त्या दिवशी. त्या म्हणाल्या, "माझ्या पट्टीवर इस्वास ठिवू नका आजून. आन कुनी बी असली तपासनी घिऊन आलं, तर इचारा, कोरी लावली का? त्या दिवशी दादाला गाडी हुती, मी घाई केली, कोरी लावली न्हाय. लावली असती तर बाग वाचली असती." अशोकराव दाराबाहेर चपलांपाशी उभे होते. आत आले नाहीत. चहाच्या आधीच निघून गेले.

पुढच्या बहाराच्या, डाळिंबाच्या फुलोऱ्याच्या आधी एका दुपारी आमच्या व्हरांड्यात ओळखीचा खोकला ऐकू आला. पाहतो तर अशोकराव. हातात ओलं फडकं. सरळ प्रयोगशाळेत गेले आणि फडकं टेबलावर ठेवलं.

"तपास," म्हणाले.

मॅडमनी पानं घ्यायला हात पुढं केला. अशोकरावांनी फडक्यावर हात ठेवला.

"आदी कोरी लाव."

मी दारात होतो. सुजाता मॅडमचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, "व्हय दादा. आदी कोरीच."

अशोकराव स्टुलावर बसून राहिले. कोरी लागली, मग पानं लागली, मग पुन्हा कोरी. त्यांची गाडी चुकली. त्यांना काही वाटलं नाही.

तिथून पुढं दर बहाराला ते यायचे. मॅडम आजारी पडल्या, दवाखान्यात होत्या, तरी रोहिणीला विचारायच्या, दादाची पानं आली का? रोहिणी, पाणी कुठलं घेतलंस? मी चिडून म्हणायचो, मॅडम, सलाईनकडं लक्ष द्या. तर म्हणायच्या, "सर, सलाईनमध्ये मीठ असतं, माझा डीएनए खूश आहे." अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

आता खरं सांगतो. पट्टी अजून तयार नाही. प्रयोगशाळेत चालते, शेतातल्या पानांवर कधी चालते, कधी फसते. पुढं चालेल का? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नव्हतं. त्या गेल्यावर रोहिणी माझ्याकडं येऊन म्हणाली, "सर, मी हे सोडते. मॅडम होत्या म्हणून चाललं होतं." मी तिला समजावलं नाही. मलाच समजावणारं कुणी नव्हतं.

मग या सोमवारी अशोकराव आले. बहीण जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मला वाटलं, मॅडमच्या वस्तू न्यायला आले असतील. तर हातात फडकं.

रोहिणी रडायलाच लागली. म्हणाली, "मामा, मॅडम नाहीत. मला नाही जमायचं. माझं चुकलं तर? परत बाग गेली तर?"

अशोकरावांनी स्टूल ओढलं, बसले. म्हणाले, "चुकंल की. तिचं बी चुकलं हुतं. पर ती धावत आली सांगाया, म्हनून माझी निम्मी बाग उभी हाय. पोरी, चुकलं तर सांगायला ये. तेवढं केलंस तरी लई झालं. लाव."

रोहिणीनं डोळे पुसले. कापड ओलं केलं, त्यावर पूड घेतली आणि इलेक्ट्रोड घासायला बसली.

त्या पानांचं काय निघालं, ते मी सांगणार नाही. ते रोहिणीनं अशोकरावांच्या शेतावर जाऊन, त्यांना समोर उभं करून सांगितलंय. मॅडमची जागा रिकामी आहे, ती कुणाच्यानं भरणार नाही. पण काम बंद नाही. आज या विहारात एवढंच सांगायला मी उभा राहिलो.

आता सगळे उठूया. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी बसूनच राहा, मॅडम रागावणार नाहीत. कुणी काही बोलू नका. आपापल्या मनात त्यांना एकदा हाक मारा, मी मॅडम म्हणेन, अशोकराव सुजा म्हणतील. आणि थोडा वेळ असेच उभे राहूया.

सुजाता मॅडम, तुम्हाला आमचं वंदन.